मदत हवी आहे: बेनिडॉर्म पॅकेज, हाफ बोर्ड की ऑल इन्क्लुसिव? आज रात्रीच ठरवायचंय

सांगली_ते_रेडिंग
नमस्कार, घाईत लिहितेय. यूकेतून स्पेनमधल्या बेनिडॉर्मचं सात रात्रींचं पॅकेज बुक केलंय, फ्लाइट अधिक हॉटेल, आत्ता हाफ बोर्ड (नाश्ता आणि रात्रीचं जेवण) आहे, थोडे पैसे वाढवले की ऑल इन्क्लुसिव (दिवसभरचं खाणं-पिणं) होतं. आज रात्री बारापर्यंत बॅलन्स भरायचाय, त्यानंतर बोर्ड बदलला तर चार्ज लागतो. हॉटेलच्या बुफेत शाकाहारी माणसाला पोटभर मिळतं का, एवढंच सांगा. जे प्रत्यक्ष राहून आलेत त्यांनीच प्लीज. नेटवरचे रिव्ह्यू वाचून काहीच कळेना, एक म्हणतो भरपूर, दुसरा म्हणतो आठवडाभर नुसते चिप्स खाल्ले.

पक्का_सातारी
कधी जाताय? किती जण? लहान मुलं? हॉटेल लेवांते बीचच्या बाजूला की पोनिएंते बीचच्या? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगणार काय?

निशिगंध०७
स्पेनला जाताच आहात तर बार्सिलोना सोडू नका, साग्रादा फामिलियाची तिकिटं आधी ऑनलाइन काढा, आयत्या वेळी मिळत नाहीत. एका दिवसात होतं.

पक्का_सातारी
@निशिगंध०७ बेनिडॉर्म ते बार्सिलोना पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे हो. एका दिवसात काय होणार?

आजीचा_पोळपाट
मी राहून आलेय, म्हणून सविस्तर लिहिते. मिळतं, पण डोळे उघडे ठेवून घ्यावं लागतं. भाज्यांच्या ट्रेमध्ये मटार-फरसबी दिसते, त्यात हॅमचे बारीक गुलाबी तुकडे असतात, वरून कळतसुद्धा नाही. बटाट्याचं मेयोनीज घातलेलं सॅलड असतं, एन्सालादिया रूसा, त्यात ट्यूना. पिवळा भात बहुतेक वेळा चिकनच्या नाहीतर माशाच्या पाण्यात शिजवलेला. तोर्तिया म्हणजे अंडं, बटाटा, कांदा. चिप्ससुद्धा ज्या तेलात कालामारी (स्क्विड) तळतात त्याच तेलातले असू शकतात, म्हणून आम्ही विचारूनच घ्यायचो. आता चांगलं सांगते, सॅलडचा काउंटर छान होता, उकडलेले छोले, बीट, टोमॅटो, ऑलिव्ह, साधं दही, फळं भरपूर, ब्रेड उत्तम. पहिल्याच दिवशी हेड वेटरला गाठून 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन' (मांस नको, मासे नको, हॅम नको) एवढं सांगून ठेवा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणालात तर मासे चालतात असं समजणारे भेटतात. आम्हाला दुसऱ्या दिवसापासून रोज वेगळा पास्ता करून द्यायचे, अगदी प्रेमाने.

सांगली_ते_रेडिंग
@आजीचा_पोळपाट खूप खूप थँक्यू ताई, हेच हवं होतं. आम्ही पाच जण, मी, नवरा, मुलगा सात वर्षांचा आणि सासूबाई-सासरे. १० ऑगस्टला निघतोय. हॉटेल रिंकोन दे लोइश भागात आहे, बीचपासून ८०० मीटर. सासूबाई अंडंही खात नाहीत.

तळ्याकाठी
१० ऑगस्ट म्हणजे १२ ला दिव्यांची अमावास्या आणि १३ पासून श्रावण. कांदा-लसूण चालतो का त्यांना?

सांगली_ते_रेडिंग
नाही, श्रावणात नाही. ते तर धरलेलंच आहे ना.

आजीचा_पोळपाट
अगं मग आधी सांगायचंस! कांदा-लसणाशिवाय म्हटलं की त्यांचा पास्त्याचा सॉस बाद, सूप बाद, गास्पाचो बाद. त्यांच्यासाठी राहतं काय, तर फळं, दही, ब्रेड, उकडलेल्या भाज्या. ऑल इन्क्लुसिवचे जास्तीचे पैसे त्यांच्या नावावर भरून काहीच उपयोग नाही, ते मुख्यतः बार आणि दिवसभरच्या स्नॅक्सचे असतात. हाफ बोर्डच ठेव. सोबत मेतकूट, भडंग, इन्स्टंट उपमा आणि छोटी ट्रॅव्हल केटल ने, खोलीत केटल असेलच असं नाही आणि तिकडचा प्लग दोन गोल पिनांचा. तूप मात्र नेऊ नकोस. यूकेहून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, २०२१ पासून. पेढे, श्रीखंड, चीज, काहीच नाही. मांसाचंही तसंच. बाकरवडी चालते.

कोल्हापुरी_मसाला
माझं ऐका, बोर्डच नको. सेल्फ कॅटरिंग अपार्टमेंट घ्या, बुफेच्या मागे लागून लोक उगाच पैसे घालवतात. शेगडी असते, फ्रीज असतो, खाली मर्कादोना सुपरमार्केट असतं, छोटा कुकर बॅगेत टाकायचा, वरण-भात बटाट्याची भाजी अर्ध्या तासात तयार. आम्ही दरवर्षी असंच करतो.

आजीचा_पोळपाट
@कोल्हापुरी_मसाला आणि तो वरण-भात करणार कोण? तिची सुट्टी आहे की नाही? रेडिंगला रोज रांधते, तिथे जाऊनही ओट्यापाशीच उभं राहायचं का? श्रावणातला स्वयंपाक म्हटला की पहिली हाक सुनेलाच.

कोल्हापुरी_मसाला
आमच्यात मी करतो जेवण. नवऱ्याला सांगा की करायला.

भटकंती_चालू
हाफ बोर्डला पाणीही विकत घ्यावं लागतं जेवताना, ते धरा हिशोबात.

तळ्याकाठी
आता तसं नाही. स्पेनचा २०२२ चा कचऱ्यासंबंधीचा कायदा आहे, हॉटेल-रेस्टॉरंटना नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं. 'आग्वा देल ग्रिफो' म्हणून मागायचं. चव जरा जड लागते, पण पिण्याचंच असतं.

पक्का_सातारी
मूळ मुद्द्यावर या. रिंकोन दे लोइश चढाचा भाग आहे. ८०० मीटर म्हणजे येताना ८०० मीटर चढ, ऑगस्टच्या उन्हात. सासऱ्यांचं वय किती? चालता येतं का? लेवांतेचा बीचलगतचा रस्ता सपाट आहे, बाकांवर बसत बसत जुन्या गावापर्यंत जाता येतं, पण हॉटेल वर असेल तर दिवसातून दोनदा ते चढणार कसे? पोनिएंते जास्त शांत आणि लांबलचक, तिकडे ब्रिटिश पबचा गोंगाटही कमी.

सांगली_ते_रेडिंग
सासरे ७१. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर चालतात.

पक्का_सातारी
मग हॉटेल बदला. पैसे वाचले म्हणून माणूस खोलीत बसून राहिला तर काय उपयोग.

खगोलवेडा
थांबा थांबा, १२ ऑगस्ट २०२६ ला स्पेनमध्ये खग्रास सूर्यग्रहण आहे हे तुम्हाला माहीत आहे ना?! तुम्ही अगदी काठावर आहात. बेनिडॉर्ममधून खग्रास दिसणार नाही, पण सूर्य जवळजवळ सगळा झाकला जाईल, संध्याकाळी साडेआठच्या सुमारास, सूर्य पार क्षितिजाशी. थोडं उत्तरेला व्हॅलेन्सिया शहर पट्ट्यात येतं. हात जोडून सांगतो, त्या दिवशी गाडी करून उत्तरेला जा, मुलगा सात वर्षांचा आहे, आयुष्यभर विसरणार नाही. प्रमाणित ग्रहणचष्मे आत्ताच मागवा, साधे गॉगल चालणार नाहीत. बेनिडॉर्ममध्येच राहिलात तर पश्चिमेला डोंगर आहेत, जागा आदल्या दिवशी बघून ठेवा.

तळ्याकाठी
अरे देवा, म्हणजे सासूबाई ग्रहण पाळणार असतील तर त्या संध्याकाळी बुफेही गेला. तिथे दिसतंय म्हणजे वेध तिथले धरायचे.

खगोलवेडा
कृपा करून त्यांनाही बाहेर घेऊन जा. चष्मा लावून बघितलं तर काही होत नाही. माझी आजी ८० व्या वर्षी बघायला आली होती.

बर्कशायरचा_बाब्या
सगळे जेवणावर बोलताय, एक साधी गोष्ट कुणी विचारली नाही. सासू-सासरे यूकेत राहतात की भारतात? पासपोर्ट कुठला? शेंगेन व्हिसा आहे का? यूकेच्या व्हिजिटर व्हिसावर स्पेनमध्ये जाता येत नाही.

सांगली_ते_रेडिंग
माहीत आहे मला. ते सांगलीला असतात, ५ जुलैला इकडे येणार. यूकेचा व्हिसा झालाय, मल्टिपल. आमच्या दोघांचे शेंगेन लंडनहून मार्चमध्येच झाले, मुलाचा ब्रिटिश पासपोर्ट. त्यांची अपॉइंटमेंट २८ मेला आहे, भारतातच. मला फक्त बोर्डचं सांगा.

बर्कशायरचा_बाब्या
म्हणजे त्यांचा व्हिसा अजून हातात नाही आणि तुम्ही आज पाच जणांचं पूर्ण बॅलन्स भरताय? मग बोर्ड राहू दे बाजूला. व्हिसाचा निर्णय साधारण १५ दिवसांत देतात, पण जास्त तपासायचं असेल तर ४५ दिवसांपर्यंत लांबवू शकतात. २८ मेपासून ४५ दिवस म्हणजे १२ जुलै. त्यांचं लंडनचं विमान ५ तारखेला. पासपोर्ट अडकला तर स्पेनच काय, तुमच्याकडेही येता येणार नाही. आणि इकडे आल्यावर बघू असं मनात असेल तर सोडा, व्हिजिटर म्हणून आलेल्यांचे अर्ज इथे सहसा घेतच नाहीत, जिथे राहता तिथूनच अर्ज करायचा असतो. लंडनचं विमान डायरेक्ट आहे की मध्ये फ्रँकफर्ट वगैरे?

सांगली_ते_रेडिंग
डायरेक्ट.

बर्कशायरचा_बाब्या
ते बरं. अजून दोन प्रश्न, पाचही जण एकाच बुकिंग नंबरवर आहात का आणि एटोल सर्टिफिकेट आलंय का?

सांगली_ते_रेडिंग
हो, एकच नंबर. एटोल आलंय.

भटकंती_चालू
एटोल आहे ना मग टेन्शन कसलं, पैसे परत मिळतात.

बर्कशायरचा_बाब्या
नाही हो, असं सांगू नका. एटोलचं संरक्षण फक्त ट्रॅव्हल कंपनी बुडाली तर. व्हिसा नाकारला हा तुमचा प्रश्न, त्यात कंपनी नेहमीचे कॅन्सलेशन चार्जेस लावणार, आणि निघायची तारीख जवळ येईल तसे ते वाढत जातात. साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्येही व्हिसा नाकारणं सहसा धरत नाहीत. हातात असलेली गोष्ट एकच, यूकेचा २०१८ चा पॅकेज ट्रॅव्हलचा नियम. त्याप्रमाणे निघण्याच्या किमान सात दिवस आधी कळवून पॅकेजमधली जागा दुसऱ्या माणसाच्या नावावर करता येते, जो काही खरा खर्च येईल तो भरून. म्हणजे व्हिसा नाही आला तर कुणी मित्रमंडळी जाऊ शकतील. आत्ता कंपनीला फोन लावा, चॅट नको. बॅलन्स दोन हप्त्यांत घेता का आणि फक्त दोघंच रद्द झाली तर नेमके किती जातील, हे दोन्ही ईमेलवर लेखी मागा.

कोल्हापुरी_मसाला
एवढा त्रास कशाला, तुर्कीला जा. भारतीय पासपोर्टवर यूकेचा व्हिसा असेल तर ई-व्हिसा मिळतो. अंतालियाला ऑल इन्क्लुसिव स्वस्त.

पक्का_सातारी
तुर्की? २०२५ मध्ये तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तिथली सफरचंदं बंद केली ती काय उगाच? मी तरी तिथे एक रुपया खर्च करणार नाही.

कोल्हापुरी_मसाला
त्यांच्या सासू-सासऱ्यांना समुद्र दाखवायचाय, तिथे राजकारण आणू नका.

निशिगंध०७
समुद्रच दाखवायचा तर तारकर्ली काय वाईट आहे? पाणी नितळ, जेवण घरचं, व्हिसा नको.

सांगली_ते_रेडिंग
सासऱ्यांनी आयुष्यभर एसटीत नोकरी केली, परदेशातला समुद्र एकदा बघायचा म्हणतात, पोस्टकार्डातला निळा. म्हणून भूमध्य. तारकर्ली त्यांची बघून झालीय. भांडू नका, मी फोनवर होल्डला आहे.

तळ्याकाठी
निळा हवा असेल तर जुन्या गावाच्या टोकावर बाल्कोन देल मेदितेर्रानेओ आहे, पांढरे कठडे आणि दोन्ही बाजूंना दोन्ही बीच. तिथे बसवा त्यांना सकाळी, गर्दी व्हायच्या आत. आणि एक दिवस ट्रामने आल्तेआला जा, एल ९ ने, निळ्या घुमटाचं चर्च आहे, पण चर्चपर्यंत चढ आहे, सासऱ्यांना खाली समुद्राकाठी बसू दे.

सांगली_ते_रेडिंग
अपडेट. फोन झाला. आज एक तृतीयांश भरायचे, बाकीचे १२ जूनपर्यंत. कॅन्सलेशनचा तक्ता ईमेलवर आला, दोघांचं १२ जूनच्या आत रद्द केलं तर फक्त त्यांचं डिपॉझिट जातं. हॉटेलही बदलून घेतलं, लेवांतेच्या रस्त्यालगत, पुढची रांग नाही पण सपाट. तिथे मिळत होतं त्यातलं हाफ बोर्ड घेतलं, ऑल इन्क्लुसिव नको. वर १४० पौंड गेले, चालेल. आता अपॉइंटमेंट अलीकडची मिळते का ते नवरा बघतोय. @बर्कशायरचा_बाब्या अर्जाला हे पॅकेजचं कन्फर्मेशन चालतं का, की फ्लाइट आणि हॉटेल वेगळं दाखवावं लागतं?

बर्कशायरचा_बाब्या
आमच्या आईचं चाललं होतं. दोघांची नावं पासपोर्टप्रमाणे त्यावर छापलेली हवीत, 'लीड पॅसेंजर अधिक चार' असं नको. हॉटेल बदललंय तर नवीन कन्फर्मेशन मागून घ्या, जुनं जोडू नका. सोबत यूकेच्या व्हिसाची कॉपी, मुंबई-लंडनचं जायचं-यायचं तिकीट आणि ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स, तो शेंगेनसाठी चालतो असं त्यावर लिहिलेलं हवं. फी ९० युरो माणशी, सेंटरचा चार्ज वेगळा.

सांगली_ते_रेडिंग
सासऱ्यांचं पेन्शन खातं आहे, पासबुक चालेल का?

बर्कशायरचा_बाब्या
स्टेटमेंट काढा, बँकेच्या शिक्क्यासकट. आम्ही शाखेत जाऊनच घेतलं होतं. उद्याच पाठवा त्यांना.

खगोलवेडा
आणि चष्मे पाच मागवा, चार नाही.