मदत हवी आहे : चौथी आज्ञा ख्रिस्ती माणसाने पाळायची की नाही?

नमस्कार. पोस्ट मोठी झाली आहे, पण घाईत लिहिलं असतं तर प्रश्नच नीट कळला नसता.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. संडे स्कूलमध्ये तिला दहा आज्ञा पाठ करायला दिल्या होत्या आणि रात्री मी तिच्याकडून त्या म्हणवून घेत होते. चौथ्या आज्ञेपाशी ती अडखळली : शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा सातवा दिवस, पवित्र पाळ. उठून कॅलेंडरपाशी गेली आणि रविवारच्या रकान्यावर बोट ठेवून मोजायला लागली. सातला बोट शनिवारवर आलं. "आई, सातवा दिवस तर हा आहे. मग आपण पहिला का पाळतो?" मी म्हटलं, प्रभू येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला म्हणून. तिने लगेच विचारलं, "मग देवाने आज्ञा बदलली? कुठे लिहिलंय?" उद्या सांगते म्हटलं. त्याला आता तीन आठवडे होऊन गेले.

दुसरीकडे, आमच्या प्रार्थना गटातली एक बहीण गेल्या वर्षी शनिवार पाळणाऱ्या मंडळीत गेली. ती वाद घालत नाही, पण एकदा हळूच म्हणाली, "नऊ आज्ञा धरतेस आणि एकच सोडतेस, ते कोणाच्या सांगण्यावरून?" मला उत्तर देता आलं नाही. पाळकांना विचारलं तर म्हणाले, आपण नियमशास्त्राधीन (मोशेच्या नियमांखाली) नाही, कृपेच्या अधीन आहोत. ते रोमकरांस पत्रातलं वचन (६:१४) मला पाठ आहे. पण मुलगी खोटं बोलली तर मी तिला नवव्या आज्ञेचीच आठवण देते ना? कृपा आली म्हणून ती आज्ञा गळाली असं कोणीच म्हणत नाही. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौलही त्याच पत्रात (३:३१) म्हणतो की विश्वासाने आपण नियमशास्त्र रद्द करत नाही, उलट प्रस्थापित करतो. मग एकट्या चौथ्या आज्ञेलाच वेगळा न्याय का?

तीन आठवड्यांत जमेल तसं वाचलं. शब्बाथाची आज्ञा दोन ठिकाणी आहे आणि दोन्हीकडे कारण वेगळं दिलंय, हे इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. निर्गम २० मध्ये कारण सृष्टीचं आहे : देवाने सहा दिवसांत सगळं घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद ५ मध्ये कारण मिसर (इजिप्त) देशाचं आहे : तू गुलाम होतास, देवाने तुला सोडवलं, म्हणून थांब. पहिलं कारण खरं धरलं तर आज्ञा सगळ्या मानवजातीची वाटते. दुसरं धरलं तर ती इस्राएलाची, त्यांच्या सुटकेची खूण वाटते. निर्गम ३१ मध्ये तर देवामध्ये आणि इस्राएल लोकांमध्ये ही चिन्ह आहे असं स्पष्टच म्हटलंय.

मग मी नव्या कराराकडे वळले. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये परराष्ट्रीय (यहुदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांवर काय लादायचं हे यरुशलेमेत ठरलं : मूर्तीला अर्पिलेलं, रक्त, गुदमरवून मारलेलं आणि जारकर्म यांपासून दूर राहावं. शब्बाथाचं नाव नाही. पण चोरीचं आणि खुनाचंही नाव नाही! त्यामुळे नाव नाही म्हणजे आज्ञा सुटली, असं म्हणायला मन धजत नाही.

"कॉन्स्टंटाइन बादशहाने शनिवारचा रविवार केला" हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. ते बरोबर नाही, एवढं तरी मला आता कळलंय. ३२१ साली त्याने रविवारी न्यायालयं आणि शहरातली कामं बंद ठेवण्याचा हुकूम काढला, शेतकऱ्यांना मात्र सूट दिली. पण त्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी, इ. स. १५० च्या सुमारास, जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय की ख्रिस्ती लोक रविवारी जमतात, प्रेषितांची आणि संदेष्ट्यांची वचनं वाचतात, प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस घेतात. म्हणजे रविवारी जमणं जुनंच आहे. पण रविवारी जमणं आणि शब्बाथ रविवारवर सरकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझी गाडी तिथेच अडलीये.

एक घरचीही अडचण सांगते. माझे बाबा दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना सांभाळायला कामाच्या एक मावशी येतात, आम्ही उपासनेला जातो तेव्हा त्याच बाबांजवळ असतात. शनिवार पाळायचा ठरला तर घरातलं कोणतं काम चालेल, कोणतं नाही, हेही मला समजत नाही.

कृपया ज्यांनी यावर मनापासून विचार केलाय त्यांनी लिहा. कोणत्याही मंडळीला नावं ठेवायला हा धागा नाही.

प्रतिसाद १

ताई, मी शनिवार पाळणाऱ्या मंडळीतला आहे, म्हणून आमची बाजू सांगतो.

आमच्यासाठी शब्बाथ सीनाय पर्वतावर, म्हणजे दहा आज्ञा मिळाल्या तिथे, सुरू होत नाही. उत्पत्ती २ मध्ये देवाने सातवा दिवस आशीर्वाद देऊन पवित्र केला तेव्हा इस्राएल राष्ट्रच नव्हतं. निर्गम १६ मध्ये मान्ना (रानात देवाने दिलेलं अन्न) सहाव्या दिवशी दुप्पट मिळाला आणि सातव्या दिवशी मिळाला नाही, तेही दहा आज्ञा मिळण्यापूर्वी. प्रभू आपल्या रिवाजाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात जात असे (लूक ४:१६). त्याच्या मरणानंतर त्या स्त्रियांनी सुगंधी द्रव्यं तयार केली, पण शब्बाथ दिवशी आज्ञेप्रमाणे विसावा घेतला (लूक २३:५६). ज्यांनी सगळ्यात आधी रिकामी कबर पाहिली त्याच या स्त्रिया. यशया ५६ मध्ये शब्बाथ पाळणाऱ्या परराष्ट्रीयांनाही देव आपल्या पवित्र डोंगरावर आणीन म्हणतो.

लोक आम्हाला कलस्सैकरांस २:१६ दाखवतात : सण, अमावास्या, शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये. आमची समजूत अशी की तिथे लेवीय २३ मधल्या वार्षिक सणांच्या शब्बाथांबद्दल लिहिलंय.

एक गैरसमज दूर करतो. तारण मिळावं म्हणून आम्ही पाळत नाही, तारण मिळालंय म्हणून पाळतो. आमच्याकडे शुक्रवारी सूर्यास्ताआधी कपडे, स्वयंपाक, हिशेब सगळं उरकतं. मग दिवा लावून सगळे एकत्र बसतो आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्तापर्यंत कोणी कोणाला "आवर लवकर" म्हणत नाही. माझी मुलं या संध्याकाळची वाट बघतात.

आजाऱ्याची सेवा तर करायचीच. प्रभूने स्वतः केली.

प्रतिसाद २

मी आमच्या मंडळीत बायबल अभ्यास घेतो आणि रविवार पाळतो. वरच्या दादांचं शेवटचं म्हणणं मला मनापासून आवडलं. पण कलस्सैच्या वचनाबद्दल माझं मत वेगळं आहे. तिथे "सण, अमावास्या, शब्बाथ" असा क्रम आहे. हीच तीन नावं जुन्या करारात वारंवार एकत्र येतात, उदाहरणार्थ यहेज्केल ४५:१७ आणि होशेय २:११. सण वर्षाचा, अमावास्या महिन्याची, मग शब्बाथ आठवड्याचाच उरतो. पौल त्याला सावली म्हणतो, आणि ती ज्याची सावली ते शरीर ख्रिस्ताचं. रोमकरांस १४:५ मध्ये कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा अधिक मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, आणि प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी असं तो म्हणतो. खून किंवा व्यभिचाराबद्दल पौल असं कधीच म्हणणार नाही. ताई, चौथ्या आज्ञेला वेगळा न्याय का, याचं माझ्या समजुतीप्रमाणे हे उत्तर आहे. बाकीच्या नऊ आज्ञांमागची प्रीती नव्या करारात पानोपानी मागितली आहे. दिवसाचा हिशेब मात्र कुठेही मागितलेला नाही.

रविवार पाळणाऱ्यांतही एकमत नाही, हे मुलीला जरूर सांगा. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात (म्हणजे श्रद्धेच्या लेखी निवेदनात) धर्मसुधारक लूथरच्या बाजूच्या लोकांनी लिहिलं की शब्बाथाचं बंधन संपलं आहे, लोकांनी केव्हा जमावं हे कळावं म्हणून एक दिवस ठरवला, एवढंच. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबाने उलट धरलं : सातांतला एक दिवस देवाला द्यायची आज्ञा कायमची आहे, पुनरुत्थानानंतर फक्त दिवस बदलला. रोमन कॅथलिकांची धर्मशिकवणही रविवार हा शब्बाथाहून वेगळाच दिवस आहे असं सांगते. इथिओपियातल्या ऑर्थोडॉक्स मंडळीत तर शनिवार आणि रविवार दोन्हींना मान आहे. चौथ्या शतकात लावदिकीया इथल्या मंडळीच्या पुढाऱ्यांच्या परिषदेला, ख्रिस्ती लोकांनी शनिवारी काम बंद ठेवू नये, असा नियम करावा लागला. म्हणजे तेव्हाही पुष्कळ लोक ठेवत असणार. तुमच्या मुलीने विचारलं ते फार जुन्या काळापासून विचारलं जातंय.

शनिवारच खरा सातवा दिवस का, अशी शंका कोणी काढली तर : १५८२ मध्ये युरोपात कॅलेंडर दुरुस्त झालं तेव्हा तारखा दहा दिवसांनी पुढे उडाल्या, पण ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर १५ ऑक्टोबर शुक्रवारच आला. वारांची साखळी तुटली नाही. आजही स्पॅनिशमध्ये शनिवारला "साबादो" म्हणतात आणि अरबीत "सब्त".

प्रतिसाद ३

मी फार शिकलेली नाही, पण आठवड्याचे सातही दिवस कामाला जायचे तेव्हाची एक गोष्ट आठवली.

ताई, तुम्ही अनुवाद ५ वाचलंत म्हणता, तर १४वं वचन पुन्हा वाचा. त्यात मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका, सगळ्यांची नावं घेतली आहेत आणि शेवटी कारण दिलंय : तुझ्या दासाला आणि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा. मी काम करत होते त्या घरातले सगळे दर रविवारी प्रार्थनेला जायचे. माझी मालकीण मनाने चांगली होती. पण ते परत येईपर्यंत जेवण तयार ठेवायचं असायचं. चार वर्षांत मला एकदाही उपासनेला जाता आलं नाही, आणि मीही विश्वासणारी आहे हे त्यांना माहीत होतं.

तुमच्या मावशींना सुट्टी कोणत्या दिवशी असते?

प्रतिसाद ४

मार्क २:२७ : शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नाही. पण त्यात "झाला" हा शब्दही आहे, "मोडला" नाही. दोन्ही बाजूंनी हे वचन अर्धं अर्धं वाचतात असं मला नेहमी वाटतं.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार.

तिसरा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. मावशींना ठरलेली सुट्टी नाही. अडचण असली की त्या सांगतात, आणि दोन वर्षांत त्यांनी बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच सांगितलं. रविवारी सकाळी आम्ही तयार होत असतो तेव्हा त्या बाबांना कुशीवर वळवून त्यांच्या पाठीला पावडर लावत असतात. एक हात बाबांच्या खांद्याखाली आणि दुसऱ्या हाताने चादरीची सुरकुती सरळ करणं. हे मी दर आठवड्याला बघते आणि चप्पल घालून बाहेर पडते. कोणता दिवस पाळायचा हे मी तीन आठवडे शोधत होते, पण त्या आज्ञेतल्या नावांत मावशीही येतात हे मला दिसलंच नाही.

परवा त्यांना विचारलं. आठवड्याचा एक दिवस पूर्ण सुट्टी, पगार तोच, दिवस तुम्ही ठरवा. त्यांना आधी वाटलं की मी त्यांना कामावरून काढतेय. समजूत घालावी लागली. मग म्हणाल्या, बुधवार चालेल का? त्यांच्या बहिणीलाही बुधवारीच सुट्टी असते. आता बुधवारी बाबांचं सगळं मी आणि माझे यजमान मिळून करतो. कूस बदलणं एकट्याने जमत नाही, हेही मला पहिल्याच बुधवारी कळलं.

दिवसाबद्दल विचाराल तर मी रविवारीच उपासनेला जाणार आहे. शनिवार माझ्यावर नियम म्हणून बांधलेला आहे, याची माझ्या मनाला अजून खातरी पटलेली नाही. पण त्या बहिणीला मी फोन केला आणि सांगितलं की तुझा प्रश्न बरोबर होता, मी तो टाळत होते. येत्या शुक्रवारी तिने आम्हाला सूर्यास्ताच्या वेळी घरी बोलावलंय. आम्ही जाणार आहोत.

इब्री ४:९ मध्ये देवाच्या लोकांसाठी शब्बाथाचा विसावा राहिला आहे असं म्हटलंय, ते आत्ताच्या दिवसाबद्दल आहे की पुढच्या काळाबद्दल, यावर कोणी लिहिलं तर हवंच आहे. पहिल्या दोन्ही दादांनी वेळ मिळेल तसं लिहावं.

मुलीला मी खरं ते सांगितलं : दिवस बदला अशी आज्ञा बायबलमध्ये कुठेही शब्दांत लिहिलेली नाही, आपण रविवारी का जमतो त्याचं कारण मात्र आहे, आणि मोठी माणसंही अजून यावर विचार करतात. ती म्हणाली, मग आपण पण करू. रोज रात्री तिच्यासोबत अनुवाद ५ थोडं थोडं वाचतेय. काल १५व्या वचनापर्यंत पोहोचलो आणि तिथेच थांबलो, कारण तिला आधी नकाशात मिसर देश बघायचा होता.