देवावर प्रीती करायला शिकता येतं का?

दिमोनाची_लेक

शलोम मंडळी. मागच्या शब्बाथला, आपल्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, जेवणं आटोपल्यावर सतरा वर्षांच्या भाच्याने मला कोंडीत पकडलं. "मावशी, शेमाच्या प्रार्थनेत आपण यहूदी रोज म्हणतो, तू आपला देव परमेश्वर याच्यावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण शक्तीने प्रीती कर. पण प्रीती काय सांगून होते?" मी काहीतरी उत्तर दिलं खरं. रात्री अंथरुणावर शेमा म्हणताना मात्र त्याचाच प्रश्न डोक्यात. म्हणून इथे लिहिते आणि माझं मतही स्पष्ट सांगते. सांगून होत नसेल, पण करून होते.

त्या वाक्याच्या पुढचंच वाक्य बघा. ही वचने तुझ्या हृदयात राहोत. मग मुलांना शिकव, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना बोल, हाताला बांध, दाराच्या चौकटीवर लिही. सिफ्रे या जुन्या भाष्यग्रंथात रब्बींनी, म्हणजे आपल्या धर्मगुरूंनी, भाच्याचाच प्रश्न घेतला आहे, की प्रीती करायची कशी? त्यांचं उत्तर असं, की ही वचनं हृदयावर ठेव, म्हणजे ज्याने जग घडवलं त्याची ओळख होईल. आधी ओळख, मग प्रीती.

माझी आजी रेवदंड्याची. हिब्रूचं एक अक्षर तिला वाचता यायचं नाही, पण शेमा तोंडपाठ. पहिल्या ओळीला उजवा हात डोळ्यांवर जायचाच, मग चुलीवर काहीही असो. आपल्या बेने इस्राएल लोकांची, म्हणजे कोकणातल्या यहूद्यांची, परंपरा सांगते की दावीद राहाबी नावाचे यहूदी गृहस्थ कोकणात आले तेव्हा आपल्याकडे ना तोरा (मोशेचे पाच ग्रंथ) होती ना सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक). शेमा होता, शनिवारी घाणा बंद असायचा (म्हणून तर आपल्याला शनवार तेली म्हणायचे), सुंता होती आणि खाण्याचे नियम होते. राहाबींनी बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली. बायकांनी पर आणि खवले असलेली, म्हणजे आपल्याला चालणारी, तेवढी वेगळी काढली. हे लोक आपलेच, ही त्यांची खात्री तिथे पटली. तुम्ही देवावर किती प्रेम करता, असं कुणी त्या बायकांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या लाजून आत गेल्या असत्या. पण किती पिढ्या पुस्तकाशिवाय, रब्बीशिवाय, रोज मासळी निवडताना त्यांनी कुणाची तरी आठवण ठेवली होती. मला ती प्रीतीच वाटते.

लोदचा_शंकेखोर

ताई, गोष्ट सुंदर आहे, मी लहानपणापासून ऐकतोय. पण तिच्यातून सिद्ध काय होतं? नियम टिकला, एवढंच. कोकणात शेजारच्या प्रत्येक जातीचे खाण्याचे नियम होते आणि तेही पिढ्यान्‌पिढ्या टिकले. वळण टिकतं. वळणाला प्रीती म्हणायचं असेल तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही.

मी हे वादासाठी वाद म्हणून लिहीत नाहीये. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं एकही सकाळ तेफिलीन (हाताला आणि कपाळाला बांधायच्या, वचनं असलेल्या चामडी पेट्या) चुकवलं नाही. जेवणाआधीची बेराखा (देवाला धन्य म्हणणारं छोटं वचन), जेवणानंतरची प्रार्थना, सगळं. आणि आम्हा भावंडांशी एक शब्द मायेने बोलल्याचं मला आठवत नाही. कृतीमागे मन ओढलं जातं असं आपले लोक सांगतात. त्यांचं मन कुठे ओढलं गेलं, ते मला पन्नाशीतही कळलेलं नाही.

आणखी एक. इस्राएलमध्ये आल्यावर आपल्या लग्नांवर, आपल्या यहूदी असण्यावर ज्यांनी प्रश्न उभे केले, ते नियम काटेकोर पाळणारेच होते. १९६४ साली क्नेसेटला, इस्राएलच्या संसदेला, सांगावं लागलं की बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहूदी आहेत. नियमांतून प्रीती उगवते तर तेव्हा ती कुठे गेली होती?

जेरुसलेमहून

दोघांचंही एक चुकतंय असं मला वाटतं. तुम्ही प्रीती म्हणजे भावना धरून चालला आहात.

शेमातलं ते वाक्य 'अनुवाद' या तोराच्या पाचव्या पुस्तकातलं. त्यातला 'प्रीती कर' हा शब्द त्या काळच्या तहनाम्यांमधलाही आहे. अश्शूरचा राजा एसरहद्दोन याने इ.स.पू. ६७२ मध्ये मांडलिकांकडून शपथ घेतली, ती मातीच्या पाट्यांवर सापडली आहे. तीत म्हटलंय, माझ्या वारसावर स्वतःच्या जिवाएवढी प्रीती करा. त्या राजपुत्रासाठी कुणाचा ऊर भरून यावा, अशी अपेक्षा नव्हती. एकनिष्ठ राहा, दुसऱ्याच्या गोटात जाऊ नका, एवढाच अर्थ. तसा घेतला की भाच्याची अडचण सुटते, कारण निष्ठेचा हुकूम देता येतो.

यहूदी विचारवंत येशायाहू लायबोवित्झ (१९०३–१९९४) इथेच जेरुसलेममध्ये हे आयुष्यभर सांगत राहिले. लग्नाला उभा राहणारा नवरदेव आणि बायकोला पुरून परतलेला नवरा, दोघांनी तीच प्रार्थना म्हणायची, त्याच शब्दांत. तुमच्या मनात काय चाललंय याच्याशी तिचा संबंध नाही. मला यात मोठा दिलासा वाटतो. रोज सकाळी उठून आपलं मन पेटलंय का हे तपासत बसावं लागत नाही. उठायचं आणि आपलं काम करायचं.

दिमोनाची_लेक

जेरुसलेमकर, तहनाम्याचं मी पहिल्यांदाच वाचलं, धन्यवाद. शब्द तिथून आला असेल. पण तो तिथेच थांबला नाही ना! रामबामनी, म्हणजे धर्मपंडित मैमोनिदीस यांनी, बाराव्या शतकात लिहिलंय, की एखाद्याचं मन एका स्त्रीवर जडतं, बसता-उठता, खाता-पिता तिचा विचार सुटत नाही, त्याहूनही जास्त देवाकडे जीव लागावा. याला निष्ठा म्हणून भागेल? शिवाय तेच पुढे सांगतात, जितकी ओळख तितकी प्रीती. थोडी असेल तर थोडी.

माझ्यापुरतं सांगते. मी बेरशेबाला डायलिसिसच्या वॉर्डात परिचारिका होते. शौचाहून आल्यावर हात धुऊन म्हणायची बेराखा आहे ना, 'अशेर यात्सार': देवाने माणसात छिद्रं आणि पोकळ्या घडवल्या, त्यातलं एक फुटलं किंवा एक तुंबलं तर तुझ्यापुढे क्षणभरही उभं राहता येणार नाही. लहानपणी आम्हा बहिणींना ती म्हणताना हसू यायचं. वॉर्डात रोज चार-चार तास यंत्राला जोडलेली माणसं पाहिली. थेंबभर लघवी झाली तर ती माणसं मला बोलावून सांगायची. त्यानंतर ती बेराखा मी कधी घाईत म्हटली नाही. शब्द माझ्या तोंडात वीस वर्षं आधीपासून होते. नसते, तर त्या दिवशी मी काय म्हटलं असतं?

शंकेखोर दादा, तुमच्या वडिलांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. १९६४ बद्दलही नाही. माझे आजोबा त्यावर बोलायचेच नाहीत.

पुण्यातून_वाचतोय

मी तुमच्या समाजातला नाही. पुण्यात लाल देवळाजवळ वाढलो, दावीद ससूनांनी बांधवलेलं ते ओहेल दावीद सिनेगॉग. परवानगी असेल तर एक सांगतो. तुमच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कीर्तनाचा बाज घेतला, अब्राहामाची, योसेफाची, मोशेची आख्यानं मराठीत लावली. मला वाटतं त्याचं कारण ताई म्हणतात तेच. आमच्या घरी नाम आधी जिभेवर बसवायचे, मनात मागाहून उतरेल म्हणायचे. तुमचे लोक आणि आमचे लोक इथे एकमेकांना ओळखत होते.

जेरुसलेमहून

परवानगी कसली, या. पण फरक सांगतो. कीर्तनात शंभर माणसं एकत्र, टाळ, पेटी, भाव चढत जातो. बेराखा म्हणजे सकाळी सात वाजता स्वयंपाकघरात एकट्याने पुटपुटलेलं वाक्य. तल्मूद, रब्बींच्या चर्चांचा आपला मोठा ग्रंथ, दिवसाला शंभर बेराखोत, म्हणजे शंभर बेराखा, म्हणायला सांगतो. शंभर वेळा भाव चढवायला गेलात तर माणूस दुपारपर्यंत थकेल. म्हणूनच म्हणतो, भावावर काही उभं करू नका.

लोदचा_शंकेखोर

मग मी माझी बाजू तल्मूदमधूनच मांडतो. त्यातला योमा हा भाग, पान ८६. 'तू प्रीती कर' याचा अर्थ तिथे असा लावलाय, की तुझ्यामुळे देवाचं नाव लोकांना प्रिय व्हावं. जो शिकतो आणि लोकांशी सचोटीने वागतो, गोड बोलतो, त्याच्याकडे पाहून लोक म्हणतात, याला ज्याने तोरा शिकवली तो धन्य. आणि जो शिकूनही व्यवहारात खोटा, बोलण्यात कठोर, त्याच्यामुळे लोक उलट बोलतात. प्रीतीची परीक्षा बाजारात आणि घरात आहे, ओठांवर नाही. मी तेफिलीन सोडलं तेव्हा देव सोडायचा नव्हता. वडिलांसारखं व्हायचं नव्हतं.

दिमोनाची_लेक

दादा, हे मान्य. नुसतं 'करून होते' म्हणाले, ते मला बदलायला हवं. शेजाऱ्यावर प्रीती कर आणि परक्यावर प्रीती कर, याही तोरातल्याच आज्ञा आहेत आणि बेराखोतच्या शंभरात त्या मोजल्या जात नाहीत. एक मात्र विचारते, राग मानू नका. मुलांशी मायेने बोलायचं तुम्ही कुठे शिकलात? तुम्ही शिकलात, हे तुमच्या लिहिण्यातून दिसतंय.

लोदचा_शंकेखोर

आईकडून. ती शुक्रवारी काळ्या मनुकांचं शरबत किद्दूशसाठी, शब्बाथच्या सुरुवातीच्या पेल्यावरच्या प्रार्थनेसाठी, गाळायची आणि उरलेलं आम्हाला वाटायची. बेराखा म्हणतच वाटायची. तुम्ही यावर काय म्हणणार ते मला कळतंय. पण आईची माया बेराखेमुळे होती हे मी मानणार नाही.

अलिबागवाली

मी इतके दिवस नुसती वाचत होते. माझं वय सत्तरच्या पुढे. मुलं तिकडे अश्दोदला, मी इथेच. आपली घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, सामूहिक प्रार्थनेच्या मिनयानला दहा माणसं जमवायची तर मुंबईहून बोलवावी लागतात.

जेरुसलेमच्या भाऊंना सांगायचंय. बायकोला पुरून आलेल्या नवऱ्याने तीच प्रार्थना म्हणायची, बरोबर. पण पुरेपर्यंत? मिश्नात, म्हणजे तल्मूदच्या जुन्या गाभ्यात, बेराखोत नावाच्या भागात लिहिलंय, ज्याचं माणूस त्याच्यापुढे मरून पडलंय त्याला शेमा माफ, प्रार्थना माफ, तेफिलीन माफ. पहिल्या रात्री नवरदेवालाही शेमा माफ आहे. मनाशी संबंधच नसता तर ही माफी कशाला दिली असती?

आणि बाळा दिमोनाच्या, तुलाही सांगते. त्याच बेराखोतच्या शेवटच्या अध्यायात म्हटलंय, भल्यावर म्हणता तशी वाइटावरही बेराखा म्हणा. आणि आधार कशाचा दिलाय? तुझ्याच वाक्याचा, पूर्ण मनाने प्रीती कर. आमचे हे गेले तेव्हा सगळ्यांनी 'बारुख दयान हाएमेत' म्हटलं, खरा न्यायाधीश धन्य असो. मी ओठ हलवले. आवाज काढला नाही. माझ्याच्याने झालं नाही.

शोकाचे सात दिवस संपल्यावरच्या शुक्रवारी मुलीने सासूबाईंचा काचेचा पेला धुऊन पुढ्यात ठेवला. त्यात आम्ही पाणी आणि खोबरेल तेल घालून शब्बाथचा दिवा लावतो. मी लावला. बेराखा म्हटली नाही. जवळजवळ वर्षभर तसंच, दिवा लावायचा आणि गप्प बसायचं. मग एका शुक्रवारी म्हटली गेली. कोणत्या, ते आठवत नाही. मन भरून आलं होतं असंही नाही, बाहेर पाऊस होता आणि मी भाताला आधण ठेवून आले होते. याला तुम्ही वळण म्हणा, निष्ठा म्हणा, प्रीती म्हणा. मला ते अजून ठरवता आलेलं नाही. भाच्याला सांग, त्याचा प्रश्न मला पटतो.

दिमोनाची_लेक

मावशी, तुमचं सगळं त्याला वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलला नाही. आता विचारतोय, पेल्यात आधी पाणी घालायचं की तेल?

अलिबागवाली

आधी पाणी, अर्ध्याच्या जरा वर. मग तेल सावकाश सोडायचं, दोन बोटं. कापसाची वात पिळून मधोमध धरायची, काचेला टेकली तर काच तडकते. इथल्या तेलाची बाटली पाहिजे असेल तर माझा मुलगा हनुक्काला, दिव्यांच्या सणाला, येतोय, त्याच्याबरोबर पाठवते.