घरचे रिंक की पहिला गोल: आइस हॉकीत पारडे कशाने झुकते?

दापोलीकर (प्रश्न):
एनएचएलचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचे, सामने आपल्याकडे बहुधा पहाटे दिसतात, आणि गेले काही हंगाम मी ते नेमाने पाहतो. समालोचक दोन गोष्टी ठासून सांगतात: यजमान संघ अधिक सामने जिंकतो, आणि पहिला गोल करणारा संघ सुमारे दोनतृतीयांश सामने खिशात घालतो. आपल्या कबड्डीत घरच्या मातीचा लाभ समजतो, कारण मैदानाचा कोणता कोपरा भुसभुशीत आहे हे पाहुण्यांना ठाऊक नसते. पण एनएचएलचे रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान, तर सगळीकडे 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद. मग यजमानांच्या पदरात नेमके काय पडते? प्रेक्षकांच्या जोरावर ते लवकर गोल करतात आणि म्हणूनच जिंकतात, असे म्हणता येईल का?

मालवणचा वाचक:
रिंक पूर्वी सारखे नव्हते. जुने बोस्टन गार्डन 191 फूट लांब आणि 83 फूट रुंद होते, त्यामुळे तिथे पाहुण्यांची कोंडी व्हायची. आज तसे राहिलेले नाही, पण एक लाभ नियमपुस्तिकेतच लिहिलेला आहे. खेळ थांबला की पाहुण्या प्रशिक्षकाने आपले खेळाडू आधी उतरवायचे असतात. त्यांची मुदत संपली की पंच हात वर करतो आणि मग यजमान प्रशिक्षक समोर कोण आले आहे ते पाहून आपली निवड करतो. प्रतिस्पर्ध्यांच्या हुकमी खेळाडूसमोर आपले सर्वांत चिवट बचावपटू उभे करण्याची ही सोय आहे. शिवाय मधल्या वर्तुळातील फेसऑफला (पंच दोन खेळाडूंमध्ये चकती टाकून खेळ सुरू करतो तेव्हा) पाहुण्याला आपली काठी आधी बर्फावर टेकवावी लागते. त्यात प्रवासाचा शीण पाहुण्यांच्या वाट्याला. इतके असूनही यजमान शंभरांतले साधारण 54-55 सामनेच जिंकतात.

रत्नागिरीचा गणितप्रेमी:
दोनतृतीयांशाच्या आकड्याला समालोचक उगाच मानसिक बळाचे श्रेय देतात, असे माझे मत आहे. दोन तंतोतंत तुल्यबळ संघ घ्या. 60 मिनिटांत प्रत्येकी सरासरी 3 गोल होतात असे धरले, तर पहिला गोल सरासरीने दहाव्या मिनिटाच्या आसपास पडतो आणि उरलेल्या 50 मिनिटांत प्रत्येकाकडून अडीच गोलांची अपेक्षा राहते. या स्थितीत एका गोलाने पुढे असलेला संघ जिंकण्याची शक्यता, बरोबरीचे सामने निम्मे-निम्मे वाटून, सुमारे 67 टक्के येते. म्हणजे प्रेक्षक, धीर, दडपण यांपैकी काहीही न मोजता तोच आकडा हाती लागतो. ज्या खेळात गोल मोजकेच होतात, तिथे एका गोलाचे वजनच तेवढे असते. त्यातच बलवान संघ मुळात पहिला गोल अधिक वेळा करतो, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता याची गल्लत सहज होते.

दापोलीकर:
हिशेब पटला. मग प्रेक्षकच नसतील तर यजमानपद उरते का?

मालवणचा वाचक:
नियमापुरते उरते. 2020 मध्ये महासाथीमुळे प्लेऑफचे (हंगामाअखेरच्या बाद फेरीचे) सगळे सामने टोरंटो आणि एडमंटन येथे रिकाम्या प्रेक्षागृहांत झाले. तरीही प्रत्येक सामन्यात एका संघाला यजमान ठरवून खेळाडू शेवटी बदलण्याचा हक्क दिला जात असे.

परंतु तुमच्या दोन्ही प्रश्नांसाठी 2019 ची अंतिम मालिका पाहावी, असे मी सुचवीन. बोस्टन आणि सेंट लुईस यांच्यातील सातपैकी दोनच सामने यजमानांनी जिंकले. पहिला गोल करणाऱ्याने मात्र पाच जिंकले. अर्थात सात सामन्यांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे रत्नागिरीकर सांगतीलच. सातवा सामना बोस्टनमध्ये होता. पहिल्या पिरियडमध्ये (20 मिनिटांच्या तीन भागांपैकी पहिल्या भागात) यजमानांनी गोलावर 12 फटके मारले आणि सेंट लुईसने अवघे 4, तरी रायन ओ'रायली आणि अ‍ॅलेक्स पिएत्रांजेलो यांच्या गोलांमुळे फलक 0-2 झाला, आणि पुढे तो सामना पाहुण्यांनी 4-1 असा जिंकला. त्यांतला दुसरा गोल पिरियड संपायला 8 सेकंद असताना झाला: पक (रबरी चकती) खेळात असतानाच बोस्टनचा ब्रॅड मार्चंड बदलीसाठी बेंचकडे वळला आणि त्याने सोडलेल्या मोकळ्या जागेतून पिएत्रांजेलो थेट गोलासमोर पोहोचला. शेवटी बदलण्याचा हक्क खेळ थांबलेला असतानाच कामी येतो. चालू खेळातली बदली ज्याची त्याने आपल्या जोखमीवर करायची असते.