निवृत्त प्रवासी विमान मालवाहू करतात, ते सुरक्षित कसे?

प्रश्न – मेहरूणकर

नमस्कार. माझ्या काकांचे जळगावच्या एमआयडीसीत ट्रकच्या बॉडी बांधण्याचे आणि रंगकामाचे वर्कशॉप आहे. विमान देखभालीचा अभ्यासक्रम करणारा माझा चुलतभाऊ सुट्टीत घरी आला, तेव्हा त्याने सांगितले की अठरा-वीस वर्षे प्रवासी वाहून झालेली बोइंग ७३७ विमाने मालवाहू करून पुढे कित्येक वर्षे उडवतात. काकांना ते पटले नाही. माणसांसाठी जुने झालेले विमान मालासाठी चालते कसे, वैमानिक तर त्यातही माणूसच असतो, असे त्यांचे म्हणणे आहे. शिवाय ट्रकचा जुना रंग खरवडून, पुट्टी भरून फवारा मारतात, तसेच विमानाचेही असते का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

उत्तर – तापीकाठ

मी मूळचा भुसावळचा असून विमान देखभालीच्या कामात आहे. काकांची शंका रास्त आहे, पण विमानाचे वय केवळ वर्षांत मोजत नाहीत. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरला जातो आणि उतरताना तो सोडला जातो. या फुगण्या-आकसण्याने पत्रा थकतो, म्हणून उड्डाणांची संख्या हाच खरा हिशेब असतो. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ विमानाचे छत उड्डाणादरम्यान फाटून गेले, तेव्हा ते १९ वर्षांचे होते, मात्र त्याची ८९,६८० उड्डाणे झाली होती.

विमान प्रवासी सेवेतून बाहेर पडते ते बहुधा खर्चाच्या गणितामुळे. दिवसाला दहा-बारा तास उडणाऱ्या विमानाला नव्या इंजिनांची इंधनबचत परवडते; रात्री चार-पाच तास पार्सल नेणाऱ्या कंपनीला मात्र कमी भांडवलात मिळणारे जुने विमानच सोयीचे पडते.

रूपांतराला साधारण तीन-चार महिने लागतात. आसने, स्वयंपाकघर आणि बहुतेक शौचालये काढली जातात आणि पंखाच्या पुढे, डाव्या बाजूला, ७३७-८०० मध्ये सुमारे साडेतीन मीटर रुंद आणि दोन मीटरहून थोडे अधिक उंच असे भगदाड कापले जाते. मला सर्वांत अवघड वाटते ते हेच काम, कारण कापलेला पत्रा हवेच्या दाबाचा भार पेलत होता आणि तो भार आता दाराभोवतीच्या नव्या, जाड चौकटीने घ्यायचा असतो. जमिनीखालचे आडवे बीम बळकट करतात, खिडक्यांच्या जागी धातूच्या झडपा बसवतात आणि वैमानिकांच्या मागे अशी भिंत उभारतात की विमान अचानक थांबले, तर मालाच्या वजनाच्या नऊपट जोर तिने अडवावा. आग लागल्यास वैमानिक ऑक्सिजनचे मुखवटे लावून उंचीवरच मालाच्या भागातील दाब सोडतात, म्हणजे विरळ हवेत आग गुदमरते. प्रवासी असताना हा उपाय करणे शक्यच नव्हते.

उत्तर – यार्डातला

रेल्वेतही हेच चालते. वय झालेल्या प्रवासी डब्यांच्या खिडक्या-दारे बंद करून, टोकाला मोठे दार काढून त्यांचे एनएमजी (नव्याने बदललेले मालवाहू) डबे करतात आणि त्यांतून मोटारी नेतात. भुसावळच्या यार्डातून असे रेक जाताना काकांनी पाहिले असतील.

उत्तर – पांझरेकर

मी काही वर्षे विमान रंगवण्याच्या हँगरमध्ये काम केले आहे, म्हणून रंगाविषयी लिहितो. लोखंडी पात्याने खरवडणे मुळीच चालत नाही, कारण ॲल्युमिनियमवर पडलेला ओरखडा पुढे तड्याची सुरुवात ठरू शकतो. जुना रंग रसायनाने फुगवून काढतात. नाक, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) यांसारख्या कंपोझिट, म्हणजे तंतू आणि राळेपासून बनवलेल्या, भागांना ते रसायन लागू द्यायचे नसते, तिथे हाताने घासावे लागते. पोचा पुट्टीने झाकणे तर फार धोक्याचे, कारण प्रत्येक पोच्याची खोली मोजून त्याची नोंद ठेवायची असते. त्यानंतर गंज रोखणारी प्रक्रिया, प्रायमर आणि शेवटी रंग. रंगाचे वजन बदलते म्हणून रडरसारख्या (शेपटीवरचे सुकाणू) हलत्या भागांचा तोल पुन्हा तपासावा लागतो.

सर्वांत जास्त जपावे लागते ते काम करताना छिद्रे झाकायला लावलेल्या चिकटपट्टीला. १९९६ मध्ये एरोपेरूचे बोइंग ७५७ धुताना, बाहेरच्या हवेचा दाब मोजून उंची आणि वेग कळवणाऱ्या छिद्रांवर लावलेली पट्टी तशीच राहून गेली. रात्रीच्या अंधारात वैमानिकांना उंची आणि वेग चुकीचे दिसत राहिले आणि विमान समुद्रात कोसळून ७० जणांचा जीव गेला. आम्हाला पहिल्याच दिवशी हीच हकिगत सांगितली होती.

मेहरूणकर

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत: ती पट्टी निघाली की नाही हे कोण पाहते आणि अशा विमानाने आपली केळी बाहेर जाऊ शकतील का?

पांझरेकर

आमच्याकडे लावलेल्या प्रत्येक पट्टीची नोंद असे. लावणाराच ती काढत असे आणि दुसरा माणूस प्रत्येक छिद्र डोळ्यांनी पाहून सही करत असे.

तापीकाठ

केळी वजनाला जड आणि किलोमागे किंमत कमी, म्हणून विमानभाडे झेपत नाही. रावेर-यावलची केळी थंड कंटेनरमधून जहाजानेच परदेशी जातात. शिवाय जळगावची धावपट्टी सुमारे १,७०० मीटरची आहे. पूर्ण भरलेल्या ७३७ ला ती कमी पडेल. तिथे शोभेल ते एटीआर, म्हणजे पंख्यांवर चालणारे छोटे विमान. त्याचीही मालवाहू रूपांतरे होतात, हे भावाला जरूर सांगा.