डॉ. घाणेकरांवरील चित्रपटातील मद्यपान : अभिनय की अतिअभिनय?

फोंडेकर : ‘...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’ (२०१८) या मराठी रंगभूमीवरील नटावरच्या चित्रपटात सुबोध भावे यांनी घाणेकरांच्या रंगमंचावरच्या लाल्या आणि संभाजी या भूमिका ज्या ताकदीने उभ्या केल्या, त्याबद्दल मला आदरच आहे. माझा आक्षेप दारूच्या प्रसंगांपुरता आहे. प्यालेला माणूस, विशेषतः ज्याला थोड्याच वेळात प्रयोगाला उभे राहायचे आहे असा नट, आपण शुद्धीवर आहोत हे दाखवण्यासाठी जिवापाड धडपडत असतो. तो शब्द जपून उच्चारतो, पाऊल सांभाळून टाकतो आणि कोणाला फार जवळ येऊ देत नाही. ही लपवाछपवी पडद्यावर पुरेशी दिसत नाही. चढलेला आवाज आणि ताणलेला चेहरा पाहून कणव दाटून येण्याऐवजी आपण नुसते दिपून जातो.

म्हार्दोळकर : फोंडेकर, मला हे पटत नाही. ‘अश्रूंची झाली फुले’ या नाटकातील लाल्याने ज्याला टाळ्या-शिट्ट्यांची चटक लावली, तो नट घरातही नाट्यगृहात असल्यासारखाच वावरत असेल, तर ते भडकपण व्यक्तिरेखेचे आहे. शिवाय चित्रपटाने त्याच्यासमोर त्याचे प्रतिस्पर्धी नट डॉ. श्रीराम लागू यांचा संयत अभिनय मुद्दाम ठेवला आहे. दोघेही हलक्या आवाजात बोलले असते, तर त्या संघर्षाला अर्थच उरला नसता. जत्रेतील नाटके पाहत वाढलेल्या आपल्या गोव्यातील प्रेक्षकांनी तरी मोठ्या आवाजाला लगेच खोटे ठरवू नये.

मडगावकर : आमच्या एका काकांचे व्यसन मी लहानपणी जवळून पाहिले आहे. काका काहीही लपवीत नसत. भांडी आदळत, रडत, पाया पडत. मद्यपी संयतच दाखवला पाहिजे, हा नियम अभिनय शिकवणाऱ्यांचा आहे, व्यसनाने पोळलेल्या घरांचा नव्हे.

फोंडेकर : मडगावकर, तुमच्या काकांविषयी वाचून वाईट वाटले, आणि असे आक्रस्ताळे मद्यपी असतात हे मी नाकारत नाही. परंतु ते दुसऱ्या दिवशी सकाळी कसे असत? घरच्यांची नजर चुकवीत चहाचा कप धरणारा हात मला पडद्यावर हवा होता. म्हार्दोळकर, जत्रेच्या मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागतो हे खरे. पण कॅमेरा नटाच्या चेहऱ्याजवळ जाऊन उभा राहतो, तिथे तेच माप कसे चालेल? लागूंशी असलेला विरोध रंगमंचावरील प्रसंगांत पुरेपूर आला आहे, त्यासाठी घरातील प्रसंगही त्याच पट्टीत रंगवण्याची गरज नव्हती.

म्हार्दोळकर : ज्याला घर आणि रंगमंच वेगळे ठेवता आले नाहीत, त्याचे घर वेगळ्या पट्टीत रंगवले असते, तर तो माणूस घाणेकर राहिला नसता, असे माझे अजूनही ठाम मत आहे.