किमयेतला लांडगा राजाला का खातो?

प्रश्न

किमयेची, म्हणजे हलक्या धातूचं सोनं करू पाहणाऱ्या विद्येची, जुनी चित्रं बघायचा नाद लागलाय. बासिल व्हॅलेंटाइन या नावाने निघालेल्या 'बारा किल्ल्या' (म्हणजे चाव्या) या ग्रंथातल्या पहिल्या किल्लीचं चित्र डोक्यातून जात नाही. राजा-राणी उभे, एक लांडगा धगधगत्या मुशीवरून उडी मारतोय आणि कोपऱ्यात कोयतावाला लंगडा म्हातारा. जिथे वाचावं तिथे हेच, की सोनं-बिनं निमित्त, खरी गोष्ट आत्मशुद्धीची. मग भट्ट्या आणि तराजू कशाला लागत होते या लोकांना?

प्रतिसाद १

मानसशास्त्रज्ञ युंग वाचा. १९४४ च्या ग्रंथात त्याने हेच मांडलंय, की किमयागार पदार्थात स्वतःचं मन बघत होता. किमयेतला काळा टप्पा म्हणजे जुन्या 'मी'चं कुजणं, पांढरा म्हणजे धुऊन निघणं, लाल म्हणजे पूर्णत्व. लांडगा म्हणजे वासना. सोपं आहे.

प्रतिसाद २

इतकं सोपं नाही हो. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला तो लांडगा आधी मुशीत दिसतो.

राजा म्हणजे सोनं. लांडगा म्हणजे सुरम्याचा दगड, अँटिमनीचं सल्फाइड. वितळलेल्या भेसळीच्या सोन्यात तो टाकला की त्यातलं गंधक तांबं, चांदी वगैरे धरून वर मळीसारखं तरंगतं आणि सोनं अँटिमनीबरोबर तळाशी बसतं. लांडग्याने राजा खाल्ला तो असा. मग तो तळाचा गोळा हवेत भाजत राहायचं. अँटिमनी पांढऱ्या धुरासारखं उडून जातं. लांडगा जळाला, राजा उजळून बाहेर आला. ग्रंथात मजकूरही जवळपास हाच आहे. (तो धूर विषारी असतो, घरी करून बघू नका.)

म्हातारा म्हणजे शनी, त्याचा धातू शिसं. राणी म्हणजे चांदी. हाडांच्या राखेच्या वाटीत चांदी शिशाबरोबर तापवली की शिसं हिणकस धातूंना घेऊन वाटीत जिरतं आणि शेवटी चांदीचा मणी एकदम लखकन चमकतो. ती चमक एकदा बघितली की 'पुनर्जन्म' हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही.

म्हणून मला 'फक्त रूपक' आणि 'फक्त रसायन' दोन्ही अर्धवट वाटतात. वर्गात मी तांब्याची तार सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात सोडायचो. थोड्या वेळाने तारेला चांदीची लव फुटायची, मग फांद्या, आणि पाणी निळसर व्हायचं. कारण ठाऊक असूनही पोरं म्हणायची, 'सर, झाड उगवलं!' किमयागार पारा वापरून असंच चांदीचं झाड उगवायचे, त्याला डायनाचं झाड म्हणत. धातू पृथ्वीच्या पोटात पिकतात, शिसं म्हणजे कच्चं राहिलेलं सोनं, असं मानणाऱ्याला यात जीव दिसणार नाही तर काय?

बाकी भट्टी वगळून सगळं अंतर्मनात नेणारं वाचन बरंचसं एकोणिसाव्या शतकातलं. न्यूटनने मात्र मरकतपट्टिकेचं, किमयागारांनी पायाभूत मानलेल्या त्या 'जे खाली तेच वर'वाल्या मजकुराचं भाषांतरही केलं आणि वर्षानुवर्षं भट्टीही पेटती ठेवली.

प्रतिसाद ३

आपल्या रसशास्त्रात, म्हणजे पाऱ्याच्या विद्येत, हे आडपडदा न ठेवता सांगितलंय. रसार्णव या ग्रंथात 'यथा लोहे तथा देहे' असं येतं. पारा आधी धातूवर पारखायचा, मग शरीरावर. पारा शिवाचा, अभ्रक देवीचं. वेगवेगळ्या दर्शनांची ओळख करून देणाऱ्या चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात तर रसेश्वर दर्शन म्हणून वेगळं प्रकरणच आहे, पाऱ्याने देह टिकवून जिवंतपणीच मुक्ती. तिथे देह आणि धातू वेगळे काढताच येत नाहीत. आणि 'किमया' हा आपला शब्दही अरबी-फारसीतून आलेला, 'अल्केमी'चा सख्खा भाऊ.

प्रश्नकर्ता

मास्तर, लांडगा समजला. पण नुसती कृतीच होती तर सरळ लिहायची ना, एवढी लपवाछपवी कशाला?

प्रतिसाद २

एक तर धंद्याचं गुपित. दुसरं, भीती. इंग्लंडमध्ये १४०४ च्या कायद्याने सोनं-चांदी 'वाढवणं', म्हणजे किमयेने बनवणं, गुन्हा होता, तो थेट १६८९ मध्ये उठला. राजांना खोट्या नाण्यांची धास्ती. आणि तिसरं, ही विद्या देवाची देणगी, नालायकाच्या हाती पडू नये, हे ते मनापासून मानत. ते ढोंग वाटत नाही मला.

प्रश्नकर्ता

आणि म्हातारा लंगडा का?

प्रतिसाद ३

हे मी सांगतो. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ग्रहांत सगळ्यात मंद तोच. आपणही त्याला शनैश्चर म्हणतो, हळूहळू चालणारा. आपलाही शनी पंगूच आहे की!