तापमानवाढ रोखण्यासाठी समाजाने आताच झीज सोसावी काय?

निफाडचा बागायतदार

२६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट आमच्याकडे कोणी विसरलेले नाही. आमच्या लवकर छाटलेल्या द्राक्षबागेत तेव्हा मण्यांत पाणी उतरू लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी घड हातात घेतला, तर आकाशाकडच्या अंगाला प्रत्येक मण्यावर नखाएवढी चीर होती आणि खालचे अंग अगदी निर्मळ होते. त्या एका गारपिटीचे खापर मी तापमानवाढीवर फोडत नाही. परंतु औद्योगिक युगापूर्वी हवेत दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग असलेला कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) आज ४२० च्या पुढे गेला आहे, आणि त्याचा मोठा हिस्सा शेकडो वर्षे हवेतच राहतो. म्हणजे हे कर्ज असे आहे की, उद्या नवी उचल थांबवली तरी मुद्दल तसेच उरते. म्हणूनच ‘बघू पुढे’ म्हणणे मला सर्वांत महागडे वाटते.

सातपूरकर

आपल्या नुकसानीबद्दल सहानुभूती आहे, पण निष्कर्ष पटत नाही. माणशी पाहिले तर भारतीयाच्या वाट्याला वर्षाला सुमारे दोन टन कर्बवायू येतो आणि अमेरिकन माणसाच्या वाट्याला त्याच्या सुमारे सातपट. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी, म्हणजे जेवढे सोडू तेवढे शोषून घेण्यासाठी, २०७० हे वर्ष जाहीर केले, ते याच विषमतेकडे पाहून. माझ्या सातपूरच्या छोट्या कारखान्यात धातू वितळवणारी विजेवरची भट्टी आहे. युनिटमागे दर थोडा वाढला तरी महिन्याचा नफा त्यातच जातो. नाशिकमधली सगळी धुराडी उद्या विझवली तरी आपल्या बागेवरची गार टळणार नाही. बागेवर आच्छादन घातले तर मात्र द्राक्षे वाचतील. ते एकरी काही लाखांना पडते, तेव्हा पैसा आधी तिथे जावा.

पंचवटीची रहिवासी

गोदावरीचा पूर आम्ही नाशिकच्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो: पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीला. ऑगस्ट २०१९ मध्ये तो मारुती पाण्यात गेलेला पाहताना पाठीमागची दुकाने रिकामी करणाऱ्यांची धावपळ मी पाहिली आहे. पूर पूर्वीही येत होते, हे खरे. पण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि ते कोसळते तेव्हा कोसळण्याची रीतच बदलते. सातपूरकरांचे आच्छादन द्राक्षांना वाचवील. पुरात सापडणाऱ्या सराफ बाजारावर कोणते आच्छादन घालणार? तक्रार मात्र निफाडच्या बागायतदारांबद्दलही आहे. ‘आताच कृती’ म्हणजे नेमके काय, हे त्यांनी सांगितलेच नाही, आणि अशा मोघम हाकेला सर्वांनी मान डोलावणे फार सोपे असते.

निफाडचा बागायतदार

ताईंचा आक्षेप मान्य आहे, म्हणून एकच गोष्ट सांगतो. शेतीची वीज आम्हाला आठवड्याच्या पाळीने मिळत आली आहे, आणि रात्रपाळीत उसाच्या कडेने मोटार चालू करायला जाताना एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी असते, कारण आमच्या भागात बिबट्याचा वावर आहे. सौर वाहिनीवर, म्हणजे सूर्यप्रकाशापासून केलेल्या विजेच्या जोडणीवर, आलेल्या गावांना तीच वीज दिवसा मिळते. त्यात कोळसाही कमी जळतो आणि माणूसही रात्री घरात झोपतो. अशी कामे आज करण्यात झीज कोणती, हे मला कोणी समजावून द्यावे. सातपूरकरांनाही एक सांगायचे आहे. युरोपीय संघाने आयात पोलाद आणि ॲल्युमिनियमवर कार्बनशुल्क, म्हणजे माल बनवताना सुटलेल्या कर्बवायूवरचा आकार, आणले आहे. आज ना उद्या आपला ग्राहक विचारणारच की, माल कोणत्या विजेवर वितळवला.

सातपूरकर

दिवसाच्या विजेला माझा विरोध कधीच नव्हता. शुल्काचे म्हणाल, तर ते ज्यांनी दीड शतक कोळसा जाळून संपत्ती उभी केली तेच आज आपल्याकडून वसूल करत आहेत, आणि त्याला मी पर्यावरणप्रेम म्हणणार नाही. तरीही हिशेब टळत नाही, हेही कळते. छतावर सौरपट्ट्या बसवण्याचे अंदाजपत्रक मी मागच्याच महिन्यात मागवले. मात्र भट्टी रात्रीही चालते, आणि रात्रीची वीज आजही नाशिकजवळच्या एकलहऱ्यासारख्या कोळशावरच्या औष्णिक केंद्रांतून येते. ते केंद्र बंद करा म्हणणाऱ्यांनी तिथल्या कंत्राटी कामगारांना दुसरे काम कुठे आणि कोणत्या पगारावर मिळेल, ते आधी मांडावे. तोवर माझे मत ‘आता’च्या नव्हे, तर ‘आता, आणि बिल आमच्याच नावावर’ याच्या विरोधात नोंदवावे.